नऊ खिळे, चार इंची

आगीनं त्या सरकारी कचेरीचं जेवढं नुकसान केलं, त्याच्या दुप्पट बंबाच्या पाण्यानं केलं, आणि उरलंसुरलं कर्मचाऱ्यांच्या उत्साहानं. आग विझल्याच्या दुसऱ्याच दिवशी वरिष्ठ पाहणीला येणार होते. म्हणून सगळ्यांनी बाह्या सारल्या, बादल्या भरल्या आणि काळ्या पडलेल्या भिंती धुवायला घेतल्या. काजळीला पाणी लागलं की ती जात नाही, भिंतीत मुरते, हे कुणाला ठाऊक असणार? दुपारपर्यंत तळमजल्यापासून दुसऱ्या मजल्यापर्यंत भिंतींना असे ओघळ आले, की जणू सबंध इमारत काजळ घालून रडली होती. वरिष्ठ आले. नाकाला रुमाल लावून म्हणाले, "बरंच जळलंय की!" आणि जिथं आगीची झळसुद्धा पोचली नव्हती, तीच खोली त्यांनी सगळ्यांत जास्त जळालेली म्हणून लिहून घेतली. कारण ती सगळ्यांत नीट धुतली होती.

मग मावशीला बोलावलं.

मावशी गिलाव्याचं आणि चुन्याचं काम करणारी. नवरा गेला त्या वर्षी त्याची थापी तिनं उचलली, ती अजून खाली ठेवली नव्हती. हाताखाली सात बायकांची टोळी. साहेबापासून शिपायापर्यंत सगळे तिला मावशीच म्हणत. तिचं नाव मजुरांच्या यादीत होतं तेवढंच. ती आली, पदर खोचला, आणि पहिल्यांदा बादल्या बाहेर काढायला लावल्या.

"पाणी कुणी लावलं?"

सगळे एकमेकांकडं बोट दाखवू लागले.

"आजाऱ्याला कुणी न्हाऊ घालतं का रे आल्या आल्या? आधी कोरडं पुसायचं. मऊ कुंचा, कोरडा स्पंज, वरून खाली. मग साबणाचं पाणी. मग वाळू द्यायचं, खिडक्या सताड उघड्या टाकून. आणि मग चुना."

मग ती भिंतीभिंतीशी गेली. बोटाच्या पेरानं टकटक करायची, कान लावायची, पुढं सरकायची. "ही बोलतेय, ठीक आहे. ही पण बोलतेय. ही मात्र नुसती हो ला हो करतेय. आतून सुटलीय. पाडा ही."

टोळीतल्या बायका हसल्या. एकजण म्हणाली, "मावशे, इथल्या माणसांवर पण जरा टकटक करून बघ की."

"ती कामाच्या यादीत नाहीत गं," मावशी म्हणाली.

दुसऱ्या मजल्यावरच्या मागच्या खोलीत आल्यावर मात्र तिनं टकटक केली नाही. नुसती उभी राहिली.

ही जन्म-मृत्यू नोंदणीची खोली. इथं अकरा टेबलं, आणि अकराव्या टेबलावर मावशीची लेक बसायची. खिडकीशी लोक रांग लावत आणि ती नावं पुकारायची, इतक्या गोड आवाजात, की मृत्यूचा दाखला न्यायला आलेली माणसंसुद्धा क्षणभर मान वर करून बघत. तिच्या टेबलाच्या पाठीशी एक दार होतं. दाराबाहेर लोखंडी जिना, जिना थेट मागच्या आवारात. आगीच्या दिवशी तळमजल्यावर कोऱ्या अर्जांच्या गठ्ठ्यांत ठिणगी पडली आणि धूर पुढच्या जिन्यानं वर चढला. अकरा जणं मागच्या दाराकडं धावली. दार उघडेना. त्याला नऊ खिळे ठोकलेले होते. दोन वर्षांपूर्वी. कारण काय, तर कर्मचारी पाच वाजायच्या आत त्या जिन्यानं सटकतात.

शेवटी बंबवाल्यांनी बाहेरून कुऱ्हाडीनं दार फोडलं. अकराच्या अकरा वाचली. लेक सगळ्यांच्या शेवटी बाहेर आली. तीन आठवडे तिच्या तोंडून शब्द फुटला नाही, आणि फुटला तो असा, जसं रिकामं भांडं वाळूनं घासावं.

काम पुरं झालं की येणाऱ्या पहिल्या सोमवारपासून कचेरी पुन्हा सुरू होणार होती. लेक त्याच टेबलावर बसणार होती. मावशीनं हे काम घेतलं ते एकाच गोष्टीसाठी. बाकीच्या भिंती काळ्या राहोत की गोऱ्या, ते दार उघडलं पाहिजे.

कामाचं अंदाजपत्रक मोठ्या कारकुनानं केलं होतं. त्यांना सगळी कचेरी कलमकाका म्हणायची. कलम सांगितल्याशिवाय ते पाणीसुद्धा मागत नसत. किडकिडीत अंगकाठी, शर्टाच्या खिशाला तीन पेनं, आणि चेहरा असा, की कुणीतरी घडी घालून फाईलमध्ये ठेवला होता. अंदाजपत्रकात त्रेसष्ट बाबी होत्या आणि वर जाड अक्षरात एकच शब्द: पूर्ववत.

"मावशी, नीट ऐका," पहिल्याच दिवशी कलमकाका म्हणाले. "हे आपत्तीचं काम आहे. आपत्तीच्या आधी जे जसं होतं, ते तसंच करायचं. चांगलं करायचं नाही."

"चांगलं करायचं नाही?"

"चांगलं केलं की ती सुधारणा झाली. सुधारणेचा विभाग वेगळा. कलम चौदा, पोटकलम दोन."

"म्हणजे काका, मला जपून काम करावं लागणार. चुकून चांगलं व्हायचं."

कलमकाकांना ते पटलं. "हो, त्याच्यावर लक्ष ठेवा."

आणि काम सुरू झालं. काजळी पुसायला आठवडा गेला. बायकांचे हात कोपरापर्यंत काळे व्हायचे, घामानं कपाळ पुसलं की कपाळ काळं व्हायचं, आणि एकमेकींकडं बघून हसलं की दात तेवढे चुन्यासारखे चमकायचे. कुंचा वरून खाली यायचा, स्पंज वरून खाली यायचा, आणि मावशी पुसता पुसता गुणगुणायची. पहिली ओळ तिची, दुसरी सगळ्यांची:

"पुसते मी काजळी, हात काळे कोपरभरी,
खिळे ठोकले गं ज्यानं, लेक त्याची असे घरी."

कलमकाका जिन्यावरून जाताना हे ऐकून थांबले. एका पायरीवर एक पाय, दुसऱ्या पायरीवर दुसरा. मग वर गेले.

पूर्ववत करणं हे नवीन करण्यापेक्षा कितीतरी अवघड असतं, हे कचेरीला तेव्हा कळलं. तळमजल्याचा नळ आगीआधी गळायचा. नवा नळ बसवला तर तो मुळी गळेचना. नळवाल्यानं सांगितलं, नवीन नळ गळवणं माझ्या धंद्यात बसत नाही. मग चकती काढून तो गळता केला, आणि किती गळायचा यावर शिपायाची साक्ष घेतली. शिपाई म्हणाला, "साहेब, डुलकी लागेल इतपत गळायचा." तसं लिहिलं गेलं. पुढच्या दालनातलं घड्याळ अकरा वाजून दहा मिनिटांवर बंद होतं. नवीन घड्याळाचा सेल काढून, काटे हातानं अकरा-दहावर लावून ते टांगलं. छताला ओलीचा एक डाग होता. आगीच्या पाण्यानं आख्खं छतच ओलं झालं, तेव्हा तो डाग कुठला हे सांगता येईना. मावशीनं सबंध छत वाळवून, चुना मारून पांढरं केलं, आणि मग पातळ पिवळ्या रंगानं त्यावर एक डाग काढला.

"जरा डावीकडे होता," कलमकाका मान वर करून म्हणाले.

"काका, डावीकडं नेला तर सुधारणा होईल का?"

कलमकाका विचारात पडले. विनोद त्यांच्याकडं आवकेत नोंदवून घेतल्याशिवाय पोचत नसे.

प्रत्येक बाबीसाठी मोजमाप-पुस्तकात दोन रकाने होते. ही स्थिती केव्हापासून? आणि कोणाच्या आदेशाने? हे रकाने भरल्याशिवाय बाब पूर्ण झाली असं धरत नसत. नळापुढं कलमकाकांनी लिहिलं, 'अज्ञात काळापासून; आदेश नाही, आपोआप.' घड्याळापुढं तसंच. डागापुढं तसंच. कलमकाकांचं अक्षर मोत्यासारखं होतं. इतक्या सुंदर अक्षरात 'आपोआप' लिहिलेलं पाहून मावशीला वाटायचं, जगातली सगळी कामं आपोआपच बिघडत असावीत आणि नीट करायला तेवढी माणसं लागत असावीत.

सत्तेचाळिसाव्या बाबीवर ती आली आणि थबकली. तिला वाचता यायचं, सावकाश, बोट ठेवून. बोट त्या ओळीवरून दोनदा गेलं.

'मागील दार, लाकडी, बंद स्थितीतील, नग एक. खिळे चार इंची, नग नऊ.'

ती तशीच पुस्तक घेऊन कलमकाकांच्या टेबलाशी गेली.

"काका, हे काय?"

"कुठलं? हां. दार फुटलंय ना. नवीन दार."

"दार कळलं. खिळे?"

कलमकाकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "पूर्वी होते. पूर्ववत म्हणजे पूर्ववत."

"तिथं माझी लेक बसते."

"मला ठाऊक आहे, मावशी."

"ठाऊक आहे आणि लिहिलंत?"

"नाही लिहिलं तर विचारतील, का गाळले? मग..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. पेनाचं टोपण काढलं आणि लावलं. "तुम्ही साहेबांना भेटा."

साहेब सहा महिन्यांपूर्वी बदलून आले होते आणि बदलून जायच्या तयारीतच बसले होते. खुर्चीतसुद्धा निम्मेच टेकायचे. त्यांनी मावशीचं सगळं ऐकलं, मान हलवली, डोळ्यांत सहानुभूतीसुद्धा आणली.

"मावशी, तुमची भावना पोचली. अर्ज द्या. दार उघडं ठेवणे, हा सुधारणेचा प्रस्ताव म्हणून वर पाठवू. पुढच्या वर्षी नक्की विचार होईल."

"आणि सोमवारी?"

"सोमवारी उद्घाटन आहे."

"माझी लेक पुढच्या वर्षापर्यंत श्वास धरून बसेल का साहेब?"

साहेबांनी घंटी वाजवली. शिपाई आला. पण त्याला काय सांगायचं हे साहेबांना सुचेना, म्हणून त्यांनी पाणी मागवलं.

मावशी परत आली ती चुन्याच्या पिंपाशी जाऊन बसली. चुना ढवळत राहिली. टोळीतल्या म्हातारीनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. "गप्प का गं? आपण काय, हातोडा हातात घ्यायलाच नको म्हणायचं. बस."

"मी नको म्हटलं तर दुसरा कुणी ठोकेल," मावशी म्हणाली. "नको म्हणून चालायचं नाही." तिनं मोजमाप-पुस्तक पुन्हा मांडीवर घेतलं, सत्तेचाळिसावी ओळ काढली, आणि बोट आडवं सरकवत त्या दोन रिकाम्या रकान्यांपर्यंत नेलं. तिथं ते थांबलं.

शनिवारी सकाळी सुतारानं नवीन दार बसवलं. बिजागऱ्यांना तेल दिलं होतं. करंगळीनं ढकललं तरी दार लोखंडी जिन्यावर हलकेच उघडायचं, आणि आवारातला उजेड अकराव्या टेबलापर्यंत येऊन पडायचा. दाराशेजारी कागदाच्या पुडीत नऊ खिळे. सुतार हातोडा घेऊन उभा.

"थांब," मावशी म्हणाली. "काकांना बोलाव. साहेबांना पण."

दोघं आले. बासष्ट बाबी पूर्ण होत्या. ही एक झाली की दुपारी काम पूर्ण झाल्याचा दाखला, सोमवारी उद्घाटनाची फीत.

"अडलंय काय?" साहेबांनी विचारलं.

"काही नाही साहेब. मी आत्ता ठोकते. माझा काय संबंध नाही म्हणायला? यादीत आहे ते करायचं." मावशीनं मोजमाप-पुस्तक कलमकाकांच्या पुढं धरलं. "फक्त हे दोन रकाने भरून द्या. नळाचे भरलेत, घड्याळाचे भरलेत. छतावरच्या डागाचेसुद्धा भरलेत. हे खिळे केव्हापासून? आणि कोणाच्या आदेशानं?"

खालचा नळ गळत असलेला ऐकू आला.

"लिहा हो," साहेब म्हणाले. "मी तेव्हा नव्हतो इथं. मी काय सही करणार? जुना आदेश असेल, त्याचा क्रमांक टाका."

कलमकाकांनी पेनाचं टोपण काढलं. आदेश नव्हताच. दोन वर्षांपूर्वी एका दुपारी ते स्वतः शिपायाला म्हणाले होते, ठोक रे. आयुष्यात एकच गोष्ट त्यांनी कलमाशिवाय केली होती, आणि ती नेमकी ही.

"अज्ञात काळापासून, आपोआप... असं लिहू?" त्यांचा आवाज बारीक झाला होता.

"लिहा की," मावशी म्हणाली. "नऊ खिळे आपोआप. लिहा. तुमचं अक्षर छान आहे."

त्यांनी पेन टेकवलं. तेवढ्यात पुढच्या दारातून लेक आली. सोमवारची तयारी म्हणून ती टेबल लावायला आली होती. हातात शाईचा शिक्का आणि दाखल्यांची चवड. सगळ्यांना असं गोळा झालेलं पाहून ती थांबली. उघड्या दाराकडं पाहिलं, पुडीतल्या खिळ्यांकडं पाहिलं, आणि तिला समजलं.

"काका," ती त्या घासलेल्या आवाजात म्हणाली, "त्या दिवशी बाहेरून दार कोण ओढत होतं?"

कलमकाकांनी टेकवलेलं पेन उचललं.

"धुरात काही दिसत नव्हतं," लेक मावशीकडं वळली. "पण बाहेर लोखंडी जिन्यावर कुणीतरी दार ओढत होतं, आणि आमची नावं पुकारत होतं. हजेरीपटाच्या क्रमानं गं आई. एक नंबर, दोन नंबर. आणि प्रत्येकजण आतून हजर म्हणायचा. ज्यांना खोकल्यानं बोलता येईना, त्यांचं हजर मी म्हणायची. बंबवाले येईपर्यंत हजेरी चालू होती. अकरावं नाव झालं की पुन्हा पहिल्यापासून." ती थोडं थांबली, श्वास घेतला. "म्हणून कुणी झोपलं नाही. झोपलं असतं तर संपलं होतं."

मावशीनं कलमकाकांच्या हातांकडं पाहिलं. इतके दिवस तिनं ते पाहिलेच नव्हते. पेनाकडं पाहिलं होतं. दोन्ही तळव्यांवर, बोटांच्या मुळाशी, दाराची कडी बसेल तेवढ्या आडव्या खुणा होत्या, नुकत्या भरत आलेल्या, गुलाबी.

"मला वाटलं," कलमकाका पुस्तकाशीच बोलले, "यादीत खिळे घातले नाहीत, तर गाळले का ते सांगावं लागेल. सांगावं लागलं, तर..." आणि पुढचं पुन्हा राहिलं.

"काका," मावशी म्हणाली, आणि आता तिच्या आवाजात तो तिरकसपणा नव्हता, "भिंत आतून सुटली की वरून कितीही चुना मारा. पाडायलाच लागते ती."

कलमकाकांनी लिहायला सुरुवात केली. 'दोन वर्षांपासून. माझ्या तोंडी आदेशाने.' खाली सही, पदनाम, तारीख. अक्षर मोत्यासारखंच, फक्त शेवटचा मोती जरा घरंगळला.

साहेब दोन पावलं मागं सरकले, जणू शाई अंगावर उडेल. "अहो, हे काय लिहिलंत! आता ह्याची चौकशी लावावी लागेल!"

"हो साहेब. लावावीच लागेल." कलमकाका ताठ उभे राहिले होते. कित्येक आठवड्यांनी त्यांच्या चेहऱ्याची घडी उलगडली होती. "कलम नऊ. चौकशी चालू असलेली वस्तू, चौकशी लागतेवेळी ज्या स्थितीत असेल, त्याच स्थितीत ठेवावी. कोणीही हात लावू नये."

"म्हणजे हे दार?"

कलमकाकांनी दाराकडं पाहिलं. सुतारानं तेल दिलेलं दार लोखंडी जिन्यावर सताड उघडं होतं.

"ह्या स्थितीत आहे, साहेब."

"आणि चौकशी किती दिवस चालेल?"

"माझ्या निवृत्तीपर्यंत तरी पुरेल," कलमकाका म्हणाले. "तुमची बदली तर मध्येच होईल."

साहेबांनी हे शेवटचं वाक्य ऐकलं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. सत्तेचाळिसाव्या बाबीपुढं शेरा पडला, 'चौकशीअधीन', आणि दाखल्यावर सही झाली. दुपारी शिपायानं दाराला एक पाटी लावली: ही वस्तू चौकशीखाली आहे, हलवू नये. लावताना दार थोडं हललं, तेव्हा कलमकाकांनी त्याच्याकडून लेखी खुलासा मागवला.

सोमवारी फीत कापली गेली. भाषणात वरिष्ठांनी छताकडं बोट दाखवून सांगितलं, की डागसुद्धा जसाच्या तसा आहे, हे पाहून ऊर भरून येतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मग दिवस थंडीचे आले. दार बंद करायची कुणाची हिंमत नव्हती. चौकशीतल्या वस्तूला हात कोण लावणार? अकराही टेबलांवर कागदांवर दगड ठेवलेले असायचे. पाच वाजता सगळे त्याच दारानं जिना उतरायचे. कलमकाका खाली उभे राहून त्यांची नावं टिपायचे. पाच वाजायच्या आत उतरणाऱ्यांचीसुद्धा.

एका संध्याकाळी लेक घरी आली, मफलर सोडता सोडता कुरकुरली, "आई, त्या दारातून दिवसभर गार वारा येतो गं पाठीवर. हात आखडतात, शिक्का नीट उठत नाही."

मावशी भाजी चिरत होती. तिनं विळीवरून मान वर केली नाही.

"येऊ दे," ती म्हणाली. "उद्यापासून आत स्वेटर घालून जात जा."